रोगी कोणाचा?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी माझी मावशी अंगणाच्या पायरीवरून पडली आणि तिच्या उजव्या हाताचे मनगट मोडले. तिचे वय ८१. फोंडे महालातील जुन्या घरी ती राहते, अजूनही पहाटे उठून तुळशीला पाणी घालते, आणि आपले दुखणे शक्यतो कोणास सांगत नाही. पडण्याचे कारण विचारले तेव्हा ‘भोवळ आली’ एवढेच म्हणाली. मनगट अस्थितज्ज्ञांनी उत्तम बसविले. भोवळ मात्र त्यांच्या शास्त्रात बसेना, म्हणून त्यांनी तिला कानाच्या तज्ज्ञांकडे पाठविले. कानात दोष आढळला नाही, तेव्हा तेथून मेंदूच्या तज्ज्ञांकडे. तेथे डोक्याचे चित्र निघाले; ते वयाला साजेसे होते. हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे तज्ज्ञ पूर्वीपासून होतेच. त्यांनाही एकेकदा दाखवून झाले. तीन महिन्यांत पाच दारे झाली. भाड्याच्या गाडीने जावे, बाकावर बसावे, कागदांची पिशवी पुढे करावी आणि संध्याकाळी परत यावे, असा क्रम चालला. भोवळ होती तशीच राहिली. अखेर एके दिवशी ती मला म्हणाली, “पुता, आतां आनीक एक दोतोर नाका म्हाका.”

त्या पाचांपैकी कोणी आळशीपणा केला किंवा लोभाने वागला, असे मला म्हणता येत नाही. उलट प्रत्येकाने आपले काम चोख केले. म्हणूनच मला प्रश्न पडला, आणि तो वैद्यकाचा नसून नीतीचा आहे असे मला वाटते. पाच विद्वान माणसे एका रोग्याला तपासतात, प्रत्येक जण आपल्या वाट्याचे कर्तव्य पूर्ण करतो, आणि तरीही रोगी कोणाचाच होत नाही, हे घडते कसे? जेथे सर्वांनी कर्तव्य केले तेथे कर्तव्यच्युती झाली असे म्हणावयाचे, तर ती कोणाच्या पदरात घालावयाची?

हा प्रश्न माझ्या आधी मायकेल बॅलिंट या हंगेरीत जन्मलेल्या मनोविश्लेषकास पडला होता. महायुद्धानंतरच्या काळात लंडनमध्ये तो साध्या घरगुती डॉक्टरांची मंडळे भरवी आणि त्यांनी आपापल्या रोग्यांच्या हकीकती सांगाव्यात असा त्याचा परिपाठ असे. त्या अनुभवावर त्याने १९५७ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक तज्ज्ञ एका रोग्याच्या भोवती उभे राहिले म्हणजे निर्णय कोणी घेतला हेच कळेनासे होते, असे त्याचे निरीक्षण होते. प्रत्येकाने मत दिलेले असते, पण जबाबदारीखाली सही कोणाचीच नसते. या अवस्थेस त्याने जे नाव दिले त्याचा आशय ‘निनावीपणाचे संगनमत’ असा होतो. संगनमत म्हटले की दुष्ट हेतू डोळ्यांपुढे येतो. पण येथे हेतू सर्वांचा चांगला, आणि तरी फळ मात्र संगनमताचेच. बॅलिंटच्या या निरीक्षणात मला मोठी नैतिक सूक्ष्मता दिसते. आपल्याकडे पापाचा विचार बहुधा कर्त्याच्या अंगाने होतो. ज्या पापाला कर्ताच नाही त्याचे प्रायश्चित्त कोणी घ्यावे?

याचे उत्तर शोधताना मला एका शब्दापाशी थांबावे लागले. ज्याला इंग्रजीत ‘जनरल प्रॅक्टिशनर’ म्हणतात त्याला आपण ‘सामान्य वैद्य’ म्हणतो, आणि म्हणता म्हणताच त्याची किंमत कमी करून टाकतो. व्यवहारातल्या मराठीत सामान्य म्हणजे बेताचा, विशेष म्हणजे वरचा. परंतु वैशेषिक दर्शनात ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ हे दोन्ही पदार्थ आहेत, एकाच पंक्तीला बसणारे. ज्याच्या योगाने अनेक गोष्टी एकत्र ओळखता येतात ते सामान्य. ज्याच्या योगाने एक वस्तू दुसरीहून निराळी ठरते तो विशेष. चरकसंहितेच्या आरंभीच या दोहोंचा विचार येतो आणि वृद्धी व ऱ्हास यांची कारणे म्हणून त्यांचा उल्लेख होतो. तेथे कोठेही सामान्य हा विशेषाचा गरीब भाऊ नाही. ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. समग्र रोग्याकडे पाहणे ही तज्ज्ञतेच्या खालची पायरी आहे, की तज्ज्ञतेइतकेच कठीण असे वेगळ्या जातीचे ज्ञान आहे, हा सारा वाद त्या एका शब्दात साठला आहे.

माझे मत दुसऱ्या पक्षाचे आहे, आणि त्यास आधार भावनेचा नसून आकड्यांचा आहे. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिका व इंग्लंड येथील माहितीवरून त्यांनी असा हिशेब मांडला की, १००० प्रौढ माणसे घेतली तर एका महिन्यात त्यांपैकी सुमारे ७५० जणांस काही ना काही दुखणे जाणवते. २५० जण डॉक्टरांकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तो अवघा १. पुढे २००१ साली हाच हिशेब अमेरिकेत पुन्हा केला गेला, तेव्हाही चित्र जवळजवळ तेच निघाले. आता वैद्यकाचा विद्यार्थी कोठे शिकतो ते पाहावे. तो शिकतो त्या एका माणसाच्या खाटेपाशी. उरलेल्या २४९ जणांची दुखणी त्याच्या दृष्टीस पडतच नाहीत, आणि पदवी मिळाल्यावर जन्मभर त्याच्या दारी येणार असतात ती तीच माणसे.

कोणी म्हणेल, कठीण रोग समजला की सोपा आपोआप समजतो. हा समज दिसतो तितका खरा नाही. एक उदाहरण घेऊ. अशी एक चाचणी आहे असे समजा की, रोग असलेल्या १०० जणांपैकी ९० जणांत ती रोग दाखविते, आणि रोग नसलेल्या १०० जणांपैकी १० जणांतही चुकून दाखविते. मोठ्या रुग्णालयात निवडून निवडून आलेल्या १००० जणांत ५०० जणांना खरोखर तो रोग आहे. तेथे चाचणी ४५० खऱ्या रोग्यांस व ५० निरोगी माणसांस रोगी ठरवील. म्हणजे तिने ‘होय’ म्हटले तर दहांत नऊ वेळा ते खरे. तीच चाचणी गावच्या दवाखान्यात लावा. तेथे १००० जणांत तो रोग १० जणांनाच आहे. चाचणी ९ खऱ्या रोग्यांस पकडील, आणि उरलेल्या ९९० पैकी ९९ निरोगी माणसांस रोगी ठरवील. आता तिचे ‘होय’ बारांत एकदाच खरे! यंत्र तेच, रक्त तेच, शास्त्र तेच; बदलले ते केवळ दार. म्हणून गावच्या दवाखान्यातील वैद्यास जे ज्ञान लागते ते मोठ्या रुग्णालयातील ज्ञानाची पातळ केलेली आवृत्ती नव्हे. थांबावे केव्हा, वाट पाहावी किती, शंभर डोकेदुख्यांतून ज्या एकीस त्वरित पुढे पाठविले पाहिजे ती कशी हेरावी, आणि नव्व्याण्णवांस निष्कारण भीतीच्या हवाली कसे करू नये, ही त्याची विद्या. ती तज्ज्ञाजवळ असेलच असे नाही. आणि तज्ज्ञाने ती शिकवावी अशी अपेक्षा करणे हा तर त्याच्यावरही अन्याय आहे.

आपल्या देशात ही गोष्ट कोणास कळली नव्हती असे नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हाच तिने ‘मूलभूत डॉक्टर’ ही कल्पना पुढे ठेवली होती: एकाच प्रतीचा, पूर्ण शिकलेला, रोग बरा करण्याबरोबर रोग टाळण्याचेही ज्ञान असलेला, लोकांत मिसळणारा. पुढे महाविद्यालयांत प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे विभाग उघडले ते याच विचारातून. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमातही पदवीधर हा समाजाचा प्रथम संपर्काचा वैद्य व्हावा, असे ध्येय स्पष्ट लिहिले आहे. संवाद व नीती यांचे स्वतंत्र पाठही त्यात आले. २०२१ च्या नियमांप्रमाणे पदवीनंतरच्या ५२ आठवड्यांच्या उमेदवारीत १२ आठवडे सामाजिक वैद्यकास दिले आहेत. कागदावर ध्येय उत्तम आहे. परंतु बहुसंख्य महाविद्यालयांत कुटुंबवैद्यकाचा स्वतंत्र विभागच नाही, आणि शिकविणारे जवळजवळ सर्व तज्ज्ञ आहेत. विद्यार्थ्याने ज्याच्यासारखे व्हावे असा माणूस त्याला साडेचार वर्षांत एकदाही वर्गात उभा राहिलेला दिसत नाही. गायन शिकवावयाचे आणि गवई मात्र दाखवावयाचा नाही, असा हा प्रकार आहे. उमेदवारीच्या वर्षात तरी तो दवाखान्यात रमावा, तर त्याचे मन पुढच्या प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नावलीत गुंतलेले. त्यालाही दोष देववत नाही. ‘नुसता एम. बी. बी. एस.’ हे दोन शब्द त्याने पहिल्या वर्षापासून ऐकलेले असतात.

इंग्लंडातही एके काळी सामान्य वैद्यकाची स्थिती हलाखीची होती. तेथे १९५२ साली सामान्य वैद्यांनी आपले महाविद्यालय स्थापन केले, आणि १९६३ साली एडिंबरो विद्यापीठाने रिचर्ड स्कॉट यांस सामान्य वैद्यकाच्या अध्यासनावर बसविले. जगात असे अध्यासन त्यापूर्वी नव्हते. ज्या विद्येला अध्यासन नाही ती विद्या विद्यार्थ्यांच्या लेखी विद्याच नसते, हे त्या लोकांनी ओळखले. आज तेथील विद्यार्थी आपल्या शिक्षणाचा काही काळ घरगुती डॉक्टरांच्या दवाखान्यात, त्यांच्याच हाताखाली घालवितात. अर्थात तेथेही सर्व काही सुरळीत आहे असे नव्हे. तेथल्या विद्यार्थ्यांनाही तज्ज्ञतेची ओढ असतेच.

आपल्याकडचे मला अधिक जवळचे वाटणारे उदाहरण सेवाग्रामचे आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तेथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तेथे नव्या विद्यार्थ्यांचा आरंभ आश्रमातील शिबिराने होतो. प्रत्येक वर्ग एक खेडे दत्तक घेतो, विद्यार्थी तेथे जाऊन राहतात, आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात, ज्यांच्याकडे त्याने पुढेही जात राहावयाचे असते. अलीकडे, २०२२ च्या सुमारास, राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंबे दत्तक घेण्याचा हा उपक्रम देशातील सर्वच महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आणला. कल्पना स्तुत्य आहे. पण येथे एक टोचणी सांगितल्यावाचून राहवत नाही. दत्तक या शब्दाला आपल्याकडे वजन आहे. दत्तक घेणारा नाव देतो, वारसा देतो; दत्तक गेलेला अंत्यविधीची जबाबदारी घेतो. वर्षातून काही वेळा येऊन रक्तदाब मोजावा, वहीत लिहावा आणि परीक्षा झाली की त्या घराचा रस्ताही विसरावा, याला दत्तक म्हणावयाचे असेल तर त्या घराने विद्यार्थ्यास दत्तक घेतले असेच म्हटले पाहिजे. कारण त्याला शिकू देण्याचे दान त्या घराने केले, आणि परत काही मिळविले नाही. ज्या म्हातारीने आपली पथ्यपाण्याची आणि सुनेशी झालेल्या भांडणाची हकीकत त्या पोरास सांगितली, तिचे ऋण तो कोठे फेडणार? या प्रश्नाचे उत्तर जे महाविद्यालय विद्यार्थ्यास शोधावयास लावील तेच खरे शिकवील. नाहीतर घर हेही आणखी एक प्रयोगशाळा होऊन बसेल.

येथे वाचकांच्या मनात जुन्या घरच्या डॉक्टरांची मूर्ती उभी राहिली असेल, आणि ती राहावी असा माझा हेतूही आहे. पण तिला शेंदूर फासण्याची माझी इच्छा नाही. आपल्या गोमंतकात १८४२ साली पणजीस वैद्यकाची शाळा निघाली. तिचे पदवीधर पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतील वसाहतींतही गेले, आणि जेथे दुसरा डॉक्टर नाही तेथे एकट्याने सर्व काही सांभाळले. १९६३ साली त्याच शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. त्या परंपरेतील दोतोर गावात घरच्यासारखा वावरे, तीन पिढ्यांची नाडी त्यास ठाऊक असे. पण तोच दोतोर रोग्याला रोगाचे नाव सांगत नसे, लाल पाण्याची बाटली देऊन वाटेला लावी, आणि घरच्या स्त्रीचे दुखणे तिला न विचारता तिच्या नवऱ्यास विचारी, हेही आपण पाहिले आहे. त्याच्या काळी वाचली नसती अशी माणसे आज तज्ज्ञांच्या हातून वाचत आहेत. माझे स्वतःचे दोन्ही डोळे आणि हृदयाची एक वाहिनी त्यांचीच देणगी आहे. तेव्हा ‘तज्ज्ञ नकोत’ असा या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. सांधणारा हात हवा, आणि तो हात शिकून तयार करावा लागतो, एवढेच माझे म्हणणे. केवळ प्रेमळपणाने तो तयार होत नाही.

जुन्या संहितांत यासंबंधी काय आहे हे पाहणे मला उपयोगी वाटते. मात्र ‘आमच्याकडे हे सर्व आधीच होते’ असे म्हणून टाळी घेण्यासाठी नव्हे. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. म्हणजे रोगी हा चिकित्सेचा विषय नसून तिचा एक पायच आहे. त्याचे जे गुण तेथे गणले आहेत त्यांत आपले दुखणे नीट सांगता येणे हाही एक गुण आहे. रोग्याचे सांगणे हा जर चिकित्सेचा गुण, तर ते ऐकून घेणे हे वैद्याचे कर्तव्य ओघानेच ठरते. आणि ऐकावयास वेळ लागतो. सुश्रुत तर एकच शास्त्र शिकलेल्याला शास्त्राचा निश्चय कळत नाही असे स्पष्ट बजावतो, आणि वैद्याने बहुश्रुत असावे असा आग्रह धरतो. शल्यतंत्राचा आचार्य हे म्हणतो, याचे मला विशेष वाटते. शस्त्र चालविणारा, म्हणजे आजच्या भाषेत तज्ज्ञच, आपल्या शिष्यास सांगतो की, शस्त्रापलीकडचेही शीक.

परंतु महाविद्यालये, आयोग आणि अध्यासने यांच्याकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. आपल्या देवस्थानांच्या सभामंडपांत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. शाल घालतो, श्रीफळ देतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? ‘पुढे कशात करणार?’ मीही विचारला आहे. माझी पुतणी तिसऱ्या वर्षात शिकते. ‘काका, मला गावात दवाखाना घालावासा वाटतो,’ असे ती दोन वर्षांपूर्वी म्हणाली तेव्हा मी हसून म्हणालो होतो, ‘एवढी हुशार मुलगी, आणि नुसतीच राहणार?’ हा ‘नुसती’ शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाला की, तो किती जड आहे हे मला तेव्हा कळलेच नाही. तिने उत्तर दिले नाही. पाच दारे हिंडताना मला तो शब्द पुष्कळदा आठवला. घरातील मुलीने सामान्य वैद्य होऊ नये, आणि घरातील म्हातारीला मात्र चांगला सामान्य वैद्य मिळावा, या दोन इच्छा मी एकाच मनात बाळगीत होतो. अशी दुटप्पी इच्छा बाळगणारा मी एकटाच असेन, असे मला वाटत नाही.

मावशीने ‘आता पुरे’ म्हटल्यावर चतुर्थीच्या सुट्टीत ही पुतणी घरी आली. तिने सोप्यावर चटई पसरली, पिशवीतील सर्व कागद तारखेनुसार लावले आणि मावशीच्या डब्यातील गोळ्यांची पाकिटे त्यांच्यापुढे मांडली. तासाभराने तिने मला बोलावून दोन पाकिटे दाखविली. नावे निराळी, रंग निराळे, कंपन्या निराळ्या; पण बारीक अक्षरांत आतील औषधाचे नाव दोन्हींवर एकच होते, अ‍ॅम्लोडिपिन. रक्तदाबाची ती गोळी एक हृदयाच्या तज्ज्ञांनी दिलेली, दुसरी मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांनी. शिवाय लघवी होण्याची गोळी होतीच. “मी अजून डॉक्टर नाही,” ती म्हणाली, “मी यातलं काही बंद करू शकत नाही.” आणि ती मावशीला घेऊन तळीपलीकडच्या दवाखान्यात गेली. तेथील डॉक्टर नुसतेच एम. बी. बी. एस. आहेत. ४० वर्षे तेथेच बसतात. मोडलेल्या मनगटासाठी त्यांच्याकडे जाण्याचे आम्हांस सुचले नव्हते.

त्यांनी मावशीला आडवे निजवून थोड्या वेळाने रक्तदाब मोजला. मग उभे करून एका मिनिटाने, आणि पुन्हा तीन मिनिटांनी. उभे राहताच तो ३० हून अधिक उतरला, आणि मावशीने पुतणीचा दंड घट्ट धरला. “हीच ती भोवळ,” ती म्हणाली. डॉक्टरांनी तिच्यासमोरच दोन्ही तज्ज्ञांना दूरध्वनी केला. दोघांनीही दुसरी गोळी बंद करण्यास तत्काळ संमती दिली. त्यानंतर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला: पडलात तो दिवस कोणता? ती एकादशी होती. निर्जळी उपास, आणि गोळ्या मात्र नेमाने पोटात.

परत येताना पुतणी गप्प होती. उभं करून रक्तदाब पाहावा हे त्यांना शिकवले नव्हते का, असे मी विचारले. “शिकवलंय की, पुस्तकातही आहे,” ती म्हणाली. “पण पाचही ठिकाणी आजी बसलेली होती, काका.”

मावशीने एकादशी सोडलेली नाही. डॉक्टरांनीही तसा आग्रह धरला नाही; त्या दिवशी पाणी प्यावयाचे आणि लघवीची गोळी घ्यावयाची नाही, एवढे तिच्याकडून कबूल करवून घेतले आहे.